जुन्या एसी-फ्रिजमधल्या ओझोनभक्षक गॅसचे काय करावे: काढण्यापासून नष्ट करण्यापर्यंत

दीड टनाचा जुना स्प्लिट एसी उतरवायला मेकॅनिक येतो, बाहेरच्या युनिटवरच्या बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करतो, मशीन दोनेक मिनिटे चालू ठेवतो, गेजचा काटा शून्याकडे आला की जाड नळीचा व्हॉल्व्हही बंद करून वीज तोडतो. यालाच पंप डाऊन म्हणतात, आणि काम नीट झाले असे घरमालकाला आणि मेकॅनिकलाही मनापासून वाटते. मात्र गॅस कुठेही गेलेला नसतो. सगळा, म्हणजे साधारण एक ते दीड किलो आर-२२ हा ओझोनभक्षक गॅस, बाहेरच्या युनिटच्या कंडेन्सरमध्ये कोंडून बसलेला असतो. ते युनिट भंगाराच्या टेम्पोत चढते, आणि तांब्यासाठी तिथे पहिली नळी कापली जाते तेव्हा तो गॅस काही क्षणांत हवेत मिसळतो. एसी हलवून दुसरीकडे बसवायचा असेल तर पंप डाऊन योग्यच आहे; मोडीत काढायचा असेल तर ते केवळ गळतीची जागा बदलणे आहे.

सोसायट्या, रुग्णालये, हॉटेले आणि कार्यालये यांची देखभाल पाहणाऱ्यांसाठी, एसी-फ्रिज दुरुस्तीची दुकाने चालवणाऱ्यांसाठी आणि मोडीचा माल घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. रेफ्रिजरंटला आपल्याकडे सगळे ‘गॅस’च म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरला आहे.

कायदा जिथे थांबतो, तिथे आपले काम सुरू होते

ओझोनचा थर वाचवण्यासाठी १६ सप्टेंबर १९८७ रोजी झालेल्या माँट्रिअल करारात भारत १९९२ साली सामील झाला. सीएफसी म्हणजे आर-११, आर-१२ या वर्गातल्या वायूंचे उत्पादन आपण २००८ मध्ये, औषधी इनहेलरसाठी लागणारा भाग वगळून, मुदतीआधीच थांबवले. आर-२२ हा त्यानंतरच्या एचसीएफसी वर्गातला आहे. विकसनशील देशांनी त्याच्या वर्गाचा वापर २००९ आणि २०१० च्या सरासरीच्या तुलनेत २०२० पर्यंत ३५ टक्क्यांनी आणि २०२५ पर्यंत ६७.५ टक्क्यांनी कमी करायचा, असे ठरले आहे. २०३० मध्ये तो बंद होईल आणि त्यापुढे २०४० पर्यंत दुरुस्तीपुरता, वर्षाला सरासरी २.५ टक्के इतकाच उरेल.

हा करार उत्पादन आणि वापर यांवर बंधन घालतो; यंत्रांमध्ये आधीच भरलेला गॅस नष्ट केलाच पाहिजे असे तो कोणत्याही देशाला सांगत नाही. म्हणून गेल्या तीस-चाळीस वर्षांत भरलेला गॅस आजही चिलर (मोठ्या इमारतींसाठी पाणी गार करणारी यंत्रे), एसी, डीप फ्रीझर, फ्रिजचा फोम आणि दुकानांच्या माळ्यावरचे सिलिंडर यांत शिल्लक आहे. हवामानाच्या हिशेबात एक किलो आर-१२ सुमारे १०.९ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, तर एक किलो आर-२२ सुमारे १.८ टनांच्या बरोबरीचा धरला जातो. भंगाराच्या टेम्पोतल्या त्या एका युनिटमध्ये दोन टनांचा ऐवज असतो तो असा.

आधी ओळख, मग हात लावणे

पहिली पायरी म्हणजे यादी. आवारातल्या प्रत्येक यंत्राची पाटी वाचून गॅसचे नाव, भरलेले वजन, यंत्राचे वय आणि मागील दुरुस्तीची नोंद एका वहीत लिहावी. जुन्या घरगुती फ्रिजमध्ये आर-१२ असण्याची शक्यता असते. विंडो आणि स्प्लिट एसी बहुतांशी आर-२२ चे. जुन्या सेंट्रिफ्यूगल चिलरमध्ये आर-११ किंवा आर-१२३. आणि जुन्या डीप फ्रीझरमध्ये कधीकधी आर-५०२ हे मिश्रण सापडते. आर-१३४ए, आर-४१०ए आणि आर-३२ ओझोनला धोका देत नाहीत, तरी तेही हवेत सोडायचे नसतात आणि वेगळेच ठेवायचे असतात. बर्फाचे कारखाने आणि मोठी शीतगृहे बहुधा अमोनियावर चालतात. त्या कामाची शिस्त पूर्ण निराळी आहे आणि हा लेख तिथे लागू होत नाही.

पाटीवर पूर्ण विश्वास मात्र ठेवू नये, कारण मधल्या काळात कुणी तरी वेगळाच गॅस भरलेला असतो. खात्री करण्याची साधी रीत दाबाची आहे. यंत्र किंवा सिलिंडर काही तास सावलीत, बंद स्थितीत राहू द्यावा, आत थोडा तरी द्रव आहे याची खात्री करावी, जवळचे तापमान मोजावे आणि गेज लावावा. तापमान ३० अंश असताना आर-२२ चा दाब सुमारे १५८ पीएसआय (गेजवरचे दाबाचे एकक), आर-१२ चा सुमारे ९३, आर-१३४ए चा सुमारे ९७ आणि आर-४१०ए चा सुमारे २६० दाखवला पाहिजे. यातून आर-२२ आणि आर-४१०ए सहज वेगळे कळतात, पण आर-१२ आणि आर-१३४ए यांच्यात जेमतेम चार पीएसआयचे अंतर आहे आणि आपल्या रोजच्या वापरातले गेज तेवढे अचूक नसतात. दाब अपेक्षेपेक्षा स्पष्ट जास्त दिसला तर आत हवा शिरली आहे किंवा दुसरा गॅस मिसळला आहे असे समजावे.

याहून गंभीर अडचण प्रोपेनची आहे. आर-२२ च्या जागी स्वस्तात भरल्या जाणाऱ्या या ज्वलनशील हायड्रोकार्बन गॅसचा दाब ३० अंशांना सुमारे १४२ पीएसआय असतो, आणि आर-२२ मध्ये तो थोडा मिसळलेला असेल तर गेजवरून काहीच कळत नाही. एका रुग्णालयाच्या तळघरात मला चिठ्ठी नसलेले अकरा सिलिंडर दाखवण्यात आले होते. ‘साहेब, गेजवर आर-बावीसच दाखवतंय,’ असे तिथला मेकॅनिक प्रामाणिकपणे सांगत होता. ओळखयंत्र लावल्यावर त्यांपैकी चार सिलिंडरांत मिश्रण निघाले आणि त्यांतल्या एकात ज्वलनशील भाग होता. साध्या रिकव्हरी मशीनच्या, म्हणजे गॅस ओढून सिलिंडरात भरणाऱ्या यंत्राच्या, मोटारीतून आणि स्विचमधून ठिणगी पडू शकते, त्यामुळे ज्वलनशील गॅसची शंका असेल तिथे ते मशीन लावूच नये. ओळखयंत्र महाग असते हे खरे आहे. पण प्रत्येक दुकानाने ते घेण्याची गरज नाही, तालुक्याच्या किंवा शहराच्या तंत्रज्ञ संघटनेने एक सामायिक घेतले तरी भागते.

या सगळ्या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे: वेगळा ठेवलेला गॅस हा माल असतो, मिसळलेला गॅस हा कचरा असतो. शुद्ध आर-२२ गाळून, तपासून पुन्हा वापरता येतो. आर-२२ मध्ये आर-१३४ए किंवा आर-४१०ए मिसळला की साध्या यंत्राने तो वेगळा होत नाही, आणि नष्ट करण्याचा खर्च तेवढा मालकाच्या डोक्यावर येतो.

सिलिंडर आणि वजनकाटा

रिकव्हरीसाठी दोन व्हॉल्व्हचा, पुन्हा भरण्यायोग्य आणि दाबचाचणीची मुदत न संपलेला सिलिंडरच वापरावा. आर-२२ चा नवा गॅस ज्या पातळ पत्र्याच्या, एकदाच वापरायच्या सिलिंडरातून येतो, त्यात काढलेला गॅस कधीही भरू नये. त्याची भिंत आणि व्हॉल्व्ह पुन्हा भरण्यासाठी बनवलेलेच नसतात, आणि सिलिंडर फुटण्याचा हा अपघात फारच सहज टाळता येण्याजोगा आहे.

किती भरावे याचा हिशेब तोंडपाठ असावा. सिलिंडरच्या मानेवर पाण्याची क्षमता कोरलेली असते. समजा ती २७ लिटर आहे. द्रवाने त्याचा ८० टक्क्यांपेक्षा जास्त भाग व्यापू नये, म्हणजे २१.६ लिटर. आर-२२ चा द्रव ३० अंशांना लिटरमागे सुमारे १.१७ किलो भरतो, म्हणून कमाल मर्यादा सुमारे २५ किलो झाली. काढलेल्या गॅसमध्ये तेल मिसळलेले असते, ते हलके असते आणि वजनाच्या मानाने जागा जास्त खाते, म्हणून मी अशा सिलिंडराला २२ किलोवरच थांबवतो. ही २० टक्के मोकळी जागा वाया गेलेली नसते. उन्हात सिलिंडर ५० अंशांपर्यंत तापला की द्रव फुगतो. काठोकाठ भरलेल्या सिलिंडरात त्याला फुगायला जागा उरत नाही आणि मग दाब गॅसचा न राहता कोंडलेल्या द्रवाचा होतो, जो लोखंड फाडतो. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या मे महिन्यात टेम्पोच्या हौद्यात पडलेल्या सिलिंडराबद्दल ही भीती अजिबात अतिरंजित नाही.

म्हणून वजनकाटा लावल्याशिवाय रिकव्हरी सुरू करू नये. सिलिंडर आधी व्हॅक्यूम पंपाने रिकामा करावा, रिकामे वजन लिहावे, मग तो वजनकाट्यावर ठेवूनच होज (जोडनळी) जोडावा आणि काम संपेपर्यंत आकडा नजरेसमोर ठेवावा.

गॅस काढण्याचे प्रत्यक्ष काम

गॉगल आणि हातमोजे घालावेत, कारण आर-२२ उणे ४०.८ अंशांना उकळतो आणि अंगावर उडालेला द्रव त्वचा जाळतो. खोली हवेशीर असावी. हे वायू हवेपेक्षा जड असल्याने तळघरात आणि खड्ड्यात साठतात आणि माणसाला श्वासाची हवा पुरत नाही. गॅस आत असताना ब्लो टॉर्च पेटवू नये. ज्योतीत हे वायू फुटतात तेव्हा हायड्रोफ्लोरिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काही प्रमाणात फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. नळी सोडवताना नाकात झोंबणारा तिखट वास आला तर ज्योत तत्काळ विझवून बाहेर पडावे.

होज जोडताना त्यातली हवा काढून टाकावी, नाहीतर ती सिलिंडरात जाते. मशीनच्या आत जाणाऱ्या बाजूला फिल्टर-ड्रायर (घाण आणि ओलावा अडवणारी गाळणी) बसवावा, आणि वेगळ्या जातीचा गॅस काढायला घेताना तो बदलावा, मशीन मोकळे करावे आणि होजही रिकामे करावेत. मिश्रण बहुतेक वेळा याच जागी होते: सकाळी आर-४१०ए काढलेले मशीन दुपारी तसेच आर-२२ ला लावले जाते. आधी द्रव काढावा, मग बाष्प. असे केल्याने वेळ वाचतो. चिलरसारख्या मोठ्या यंत्रात द्रव भरपूर असेल तेव्हा सिलिंडरातले बाष्प यंत्रात ढकलून द्रव सिलिंडरात ओढण्याची पुश-पुल रीत वापरावी आणि उरलेले बाष्प नेहमीच्या पद्धतीने खेचावे.

गेजचा काटा शून्याखाली, व्हॅक्यूममध्ये गेला की लगेच होज सोडवू नये. मशीन बंद करून दहा मिनिटे थांबावे आणि काट्याकडे पाहत राहावे. तो हळूहळू वर चढू लागला तर कॉम्प्रेसरच्या तेलात विरघळलेला गॅस अजून उकळून बाहेर येतो आहे. अशा वेळी कॉम्प्रेसरचा तळ हाताला गार लागतो, कधी त्यावर दव धरते, आणि कान लावला तर तेलाची बारीक खदखद ऐकू येते. मशीन पुन्हा चालवावे, आणि काटा स्थिर राहीपर्यंत हे दोन-तीन वेळा करावे. याच अर्ध्या तासाचा मेकॅनिकला कंटाळा येतो, कारण त्याचे पैसे त्याला कुणी देत नाही. माझे स्पष्ट मत आहे की एसी उतरवण्याच्या मजुरीत गॅस काढण्याची मजुरी वेगळी दाखवून ग्राहकाकडून घेतली पाहिजे, आणि सोसायटीने किंवा कार्यालयाने मोडीच्या निविदेतच ती अट घातली पाहिजे.

जळालेल्या कॉम्प्रेसरमधला गॅस आम्लयुक्त असतो, तो वेगळ्या सिलिंडरात घ्यावा. तेलाला आंबूस, करपट वास येतो आणि त्याचा रंग काळपट होतो. ते उघड्या हाताला लागू देऊ नये. निघालेले तेल गटारात न ओतता वापरलेल्या तेलाच्या अधिकृत पुनर्प्रक्रियाकाकडे द्यावे.

घरगुती फ्रिजची गोष्ट वेगळी आहे. त्याला सर्व्हिस व्हॉल्व्ह नसतो, म्हणून कॉम्प्रेसरच्या चार्जिंग नळीवर टोचणारा पक्कड-व्हॉल्व्ह लावून गॅस काढावा लागतो, आणि निघतो तो जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅम. पण १९९० च्या दशकातल्या फ्रिजच्या भिंतींतल्या पिवळसर फोममध्ये आर-११ कोंडलेला असतो आणि तो नळ्यांतल्या गॅसपेक्षा जास्त असतो. तो फोम कुटू, कुस्करू किंवा जाळू नये. बंद यंत्रात, हवा ओढून घेत फोम दळणारे कारखाने जिथे नाहीत, तिथे भिंतीचे पॅनेल शक्यतो अखंड कापून, जाड पिशवीत बांधून, नाशाच्या भट्टीकडे पाठवणे एवढे करता येते.

चिठ्ठी, वही आणि साठवण

प्रत्येक सिलिंडरला पक्की चिठ्ठी बांधावी. तिच्यावर गॅसचे नाव, तो कसा ओळखला, कोणत्या यंत्रातून काढला, रिकामे आणि भरलेले वजन, तारीख आणि काढणाऱ्याचे नाव लिहावे. खात्री नसेल तर ‘अनोळखी’ असेच लिहावे, अंदाजाने ‘आर-२२’ लिहू नये. अंदाजाची एक चिठ्ठी पुढे पुनर्प्रक्रिया केंद्राची संपूर्ण टाकी बिघडवू शकते. सिलिंडर उभे, साखळीने बांधलेले, सावलीत आणि जमिनीच्या पातळीवर ठेवावेत, आणि दर तीन महिन्यांनी वजन करावे. वजन घटले तर व्हॉल्व्ह गळतो आहे. साबणाचे पाणी लावून जागा शोधावी आणि गॅस दुसऱ्या सिलिंडरात घ्यावा.

पुन्हा वापर की नाश

काढलेला गॅस फिल्टर-ड्रायरमधून गाळून, तेल आणि ओलावा कमी करून त्याच मालकाच्या त्याच जातीच्या यंत्रांत भरणे याला रिसायकल म्हणतात, आणि हे दुकानातल्या यंत्राने होते. नव्या गॅसच्या दर्जाला आणणे याला रिक्लेम म्हणतात. तिथे ऊर्ध्वपातन आणि प्रयोगशाळेतली तपासणी लागते, आणि आर-२२ ची शुद्धता ९९.५ टक्के व ओलावा दहा लाख भागांत १० भागांपेक्षा कमी असावा लागतो. आर-२२ चा नवा पुरवठा दरवर्षी आटत असताना जुन्या यंत्रांना तो लागणारच आहे, म्हणून शुद्ध आर-२२ नष्ट करणे आज तरी शहाणपणाचे नाही. आर-११, आर-१२ आणि सर्व मिश्रणे मात्र नाशाच्या रांगेत ठेवावीत, कारण त्यांना योग्य गिऱ्हाईक उरलेले नाही आणि सिलिंडर गंजत राहतात.

भारतात २००० सालच्या ओझोन क्षयकारी पदार्थ नियमांनुसार असा गॅस रिक्लेम करणाऱ्याला किंवा नष्ट करणाऱ्याला नोंदणी आवश्यक आहे. म्हणून गॅस देण्यापूर्वी नोंदणीची प्रत मागावी, आणि आपल्या राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी विचारावे. शंका राहिली तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचा ओझोन कक्ष आहे. यंत्र मोडीत देताना २०२२ च्या ई-कचरा नियमांखाली नोंदणी असलेलाच पुनर्प्रक्रियाक निवडावा आणि तो गॅस आधी काढतो का, त्याच्याकडे रिकव्हरी मशीन आणि वजनकाटा आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

नाशाची भट्टी निवडताना ‘आमच्याकडे इन्सिनरेटर आहे’ एवढे ऐकून समाधान मानू नये. आर-१२ च्या वजनाचा निम्म्याहून जास्त, म्हणजे सुमारे ५९ टक्के भाग क्लोरीन आहे. आर-२२ मध्ये ४१ टक्के क्लोरीन आणि ४४ टक्के फ्लोरीन आहे. भट्टीत ते आम्ल होऊन विटांचे अस्तर खाते, आणि धूर अल्कलीने धुण्याची सोय नसेल तर बाहेर पडते. माँट्रिअल कराराखाली मान्य झालेल्या पद्धतींमध्ये सिमेंट भट्टी, फिरती भट्टी, द्रव फवारून जाळणे आणि आर्गॉन प्लाझ्मा यांचा समावेश आहे. साठवलेल्या शुद्ध गॅसचा ९९.९९ टक्के नाश झाला पाहिजे, आणि धुरातल्या डायॉक्सिन-फ्युरान या विषारी संयुगांची मर्यादा घनमीटरला ०.२ नॅनोग्रॅम आहे. त्या गॅसवर घेतलेल्या चाचणी-ज्वलनाचा अहवाल मागावा.

विकसनशील देशांना सिमेंट भट्टी सगळ्यात जवळची वाटते, आणि ते योग्य आहे. मुख्य बर्नरच्या ज्योतीचे तापमान सुमारे २००० अंश असते आणि चुनखडी आम्लाला तिथल्या तिथे पकडते. अडचण क्लोरीनची आहे: ते अल्कलीशी संयोग पावून प्रीहीटरमध्ये, म्हणजे कच्चा माल आधी तापवणाऱ्या भागात, फिरत राहते, थर धरते आणि भट्टी तुंबवते. म्हणून गॅस मोजून, अगदी थोडा थोडा सोडावा लागतो. इंडोनेशियाने नारोगाँग येथील आणि क्यूबाने सिगुआने येथील सिमेंट भट्टीचा मार्ग धरला. क्यूबाच्या बाबतीत तर २००५ नंतर देशभर लाखो जुने फ्रिज बदलले गेल्याने नष्ट करण्याजोगा गॅस एका जागी जमा झाला होता. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट कारखान्यांच्या पट्ट्याकडे पाहिले की ही शक्यता दूरची वाटत नाही, मात्र प्रत्येक भट्टीला त्यासाठी स्वतंत्र परवानगी आणि चाचणी लागेल.

ज्या लहान देशांत अशी भट्टीच नाही, त्यांना गॅस बाहेर पाठवावा लागतो. नेपाळमध्ये परवान्याशिवाय आलेला सीएफसीचा मोठा साठा जप्त झाला होता, आणि त्यातला उरलेला भाग अखेर अमेरिकेत नेऊन नष्ट करण्यात आला. अशा पाठवणीला घातक कचऱ्याच्या परदेशी वाहतुकीवरच्या बाझल कराराखाली पाठवणाऱ्या, घेणाऱ्या आणि मधल्या देशांची पूर्वसंमती लागते, आणि कागदपत्रांना महिने लागतात. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रिअल कराराच्या बहुपक्षीय निधीने देशोदेशींच्या अशा साठ्यांची गणना आणि विल्हेवाटीची योजना करण्यासाठी अर्थसाहाय्याची सोय केली आहे. गणना करायची तर तालुक्यातल्या दुकानांच्या वह्याच कामी येतात.

गॅस भट्टीकडे गेल्यावर भरलेला सिलिंडर आणि रिकामा होऊन परत आलेला सिलिंडर या दोन्हींचे वजन, नमुन्याचा प्रयोगशाळा-अहवाल, वाहतुकीची चलने आणि नाशाचा दाखला एकत्र लावावेत. दोन वजनांतला फरक दाखल्यावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. न जुळल्यास दाखला परत पाठवावा. परत आलेला सिलिंडर व्हॅक्यूम करून पुढेही त्याच जातीच्या गॅससाठी वापरावा, आणि एकदाच वापरायचा रिकामा सिलिंडर असेल तर त्यातला उरलेला गॅस मशीनने ओढून, गेजचा काटा शून्याखाली नेऊन, व्हॉल्व्ह उघडल्यानंतरच त्याला भोक पाडून लोखंडाच्या मोडीत द्यावा.